होडीचे बूड आणि मांजरा-भीमेचे पाणी

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा अशी फुगली की अफजलपूर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतून माणसे होड्यांनी बाहेर काढावी लागली. साडेतीन वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, त्याच तालुक्यात भीमेला पाणी सोडा म्हणून आंदोलन झाले. मांजरेची तऱ्हा फार वेगळी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच पावसाळ्याच्या शेवटी ते भरले. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या पट्ट्यात ज्याला मासेमारीची होडी बांधायची आहे, त्याच्यासमोरचे पाणी हे असे आहे. वर्षातून काही दिवस अंगावर धावून येणारे, काही महिने बंधाऱ्यामागे निवांत पसरलेले, आणि उरलेला काळ खडकांमधल्या डोहांत साचलेले.

म्हणून लाकूड घ्यावे की फायबर, वल्हे पुरेल की इंजिन लावावे, हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न बुडाचा. पाण्याला टेकणारा होडीचा भाग सपाट असावा, गोल असावा की मधोमध धार काढलेला असावा? पुढे मापे, आराखडे आणि सामानाच्या याद्या येतीलच. पण बुडाचा निर्णय चुकला तर कितीही चांगला सुतार असला तरी ती होडी वर्षभर मालकाला छळते. ती कुठे खडकाला घासते, कुठे वाऱ्याने भरकटते, कुठे जाळे ओढताना एका अंगावर झुकते.

होडीबांधणीवरची बहुतेक पुस्तके समुद्राकडे तोंड करून लिहिलेली असतात. त्यांतल्या होडीला खाली लांब कणा असतो, पुढे लाट कापणारी नाळ असते, बुडाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा आकार असतो. कोकणच्या खाडीबाहेर हे सारे हवेच. मांजरेच्या पात्रात मात्र त्यातले बरेचसे अडचणीचे ठरते, आणि ते का, हे नुसत्या गणितानेही दाखवता येते.

समजा दोन माणसे, जाळी, मासळी आणि खुद्द होडी असे मिळून ३०० किलो वजन आहे. होडी तरंगायची तर तिने तेवढेच, म्हणजे ३०० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. पाण्यावर टेकलेले सपाट बूड सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास असेल, तर ती नऊ-दहा सेंटीमीटर, म्हणजे पाच बोटे पाण्यात बसते. पाण्याच्या रेषेवर तितकीच लांब-रुंद, पण बुडाला पुरती धार असलेली होडी त्याच वजनाला दुप्पट, जवळपास वीतभर खोल जाते, कारण त्रिकोणात आयताच्या निम्मेच पाणी मावते. पाच बोटे आणि वीत यांतला फरक बंदरावर कोणी मोजणारही नाही. फेब्रुवारीनंतरच्या मांजरेत मात्र एका डोहातून दुसऱ्या डोहात जायला मिळणार की होडी उचलून न्यावी लागणार, हे त्या फरकावर ठरते.

खाली काय आहे, हेही पाहावे लागते. बीदरकडचा आणि कलबुर्गीच्या पश्चिमेचा नदीतळ दख्खनच्या काळ्या कातळाचा. त्याचे धोंडे गोलसर झालेले असतात, पण मधून फुटलेल्या कडा वर आलेल्या असतात. कलबुर्गीच्या पूर्वेला, कागिणा नदीच्या बाजूला, जमीन बदलते आणि शहाबादी फरशीचा चुनखडक सुरू होतो. थरांमागून थर असलेला हा दगड पात्रात सपाट पायऱ्या करून बसतो. अशा पायरीवर कण्याची होडी अडकली तर ती सरळ उभी राहत नाही, एका बाजूला कलते. सपाट बुडाची होडी त्याच पायरीवर नुसती टेकते, आणि माणूस खाली उतरून ती ढकलतो.

या नद्यांवर पूर्वी कोणती नाव होती, हे पाहिले की जुन्या कारागिरांनी हे सारे किती नेमके ओळखले होते ते कळते. बांबूच्या कामट्यांची गोल टोपली विणायची आणि तिला बाहेरून कातडे चढवायचे. कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात, तेलंगणाच्या बाजूला पुट्टी. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहणाऱ्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाने या नावांचे वर्णन करून ठेवले आहे. आतून वेताच्या, बाहेरून चामड्याच्या, पंधरा-वीस माणसे नेणाऱ्या आणि सरळ न जाता सारख्या गरगर फिरणाऱ्या. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही बैलाच्या कातड्याने मढवलेल्या अशाच टोपल्यांतून नदी ओलांडली. १८०३ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीने दख्खनच्या नद्या पार करण्यासाठी मुद्दाम टोपली-नावा करवून घेतल्या. अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटसने युफ्रेटिस नदीवरच्या गोल कातडी नावांबद्दल जे लिहिले, तेही याच जातीचे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या नद्यांवर एकच आकार उगवला, कारण उथळ, खडकाळ आणि वेगाने बदलणाऱ्या पाण्याने दोन्हीकडे सारखीच अट घातली होती.

बसवकल्याण ज्या बाराव्या शतकासाठी ओळखले जाते, त्या बसवेश्वरांच्या काळातल्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या हे वचनकार होते आणि त्यांचा धंदा नाव चालवण्याचा. नावाड्याचा व्यवसाय या प्रदेशात किती जुना आणि मानाचा आहे, याची ही ठळक खूण. आज भीमाकाठी आणि मांजराकाठी जाळे टाकणाऱ्या कोळी, कब्बलिग, भोई कुटुंबांना होडीबद्दल काही सांगायचे तर याचे भान ठेवून सांगावे.

हरिगोलाची बलस्थाने आजही तशीच आहेत. दोन मीटर व्यासाच्या हरिगोलात दोनशे किलो भार ठेवला तरी तो जेमतेम चार बोटे पाण्यात बसतो. त्याला पुढचे-मागचे टोक नाही, त्यामुळे जाळे कोणत्याही बाजूने ओढा, तोल तसाच राहतो. काठाला कोपरा नाही, बाहेर आलेला खिळा नाही. तंगुसाचे जाळे किती पटकन अडकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या गुळगुळीत काठाचे मोल सांगावे लागत नाही. काम संपले की एकटा माणूस तो डोक्यावर पालथा घेऊन पुढच्या डोहाकडे चालू लागतो. कातडे आता गेले. त्याच्या जागी प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर आले, आणि पुढे फायबरचे हरिगोल आले. कर्नाटकाचे मत्स्यव्यवसाय खाते गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांना असे फायबरचे हरिगोल देत आले आहे. आकार मात्र कोणी बदलला नाही, आणि डोहांसाठी तो बदलण्याचे कारणही नाही.

अडचण सुरू होते ती पाणी रुंदावले तिथे.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या भागातले पाणी बदलले. कारंजा नदीवर भालकी तालुक्यात धरण झाले, आळंदजवळ अमरजेवर झाले, मुल्लामारी आणि बेण्णेतोरा अडवल्या गेल्या, भीमेवर सोन्नचा बंधारा आला. लातूरच्या हद्दीत मांजरेवर बॅरेजेसची साखळी उभी राहिली. भीमेच्या वरच्या अंगाला १९८० पासून उजनीचा, ११७ टीएमसीचा, अवाढव्य जलाशय आहेच. मासेमारीही त्याबरोबर सरकली. वाहत्या पाण्यातल्या वाम, मरळ, शिंगाड्याबरोबर सोडलेल्या बीजाचे कटला, रोहू, मृगळ आले आणि जाळी मोठी झाली. ती लावायला काठापासून दूर जावे लागू लागले. गोल टोपली इथे दमते. तिला वल्हवणारा पुढे तोंड करून बसतो आणि समोरचे पाणी आपल्याकडे ओढत जातो. त्यातली बरीच ताकद नाव फिरू न देण्यात खर्च होते. शंभर पावलांच्या डोहात हे जाणवत नाही. दोन किलोमीटर जाऊन परत यायचे असेल तर खांदे भरून येतात. त्यात वारा सुटला की खाली धरून ठेवणारे काहीच नसल्याने नाव वारा नेईल तिकडे जाते.

वाऱ्याची गोष्ट हलकी घेण्यासारखी नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वळवाच्या वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. तीन-चार किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा थोडा वेळ जरी वाहिला, तरी फूटभर उंचीची लाट उठते. ज्या होडीचा काठ पाण्यापासून वीतभरच वर आहे, तिच्यात ती लाट सरळ आत येते. बीदर-कलबुर्गीतले जलाशय उजनीएवढे नाहीत, पण वळवाचे वारे तेच आहेत आणि तेही एप्रिल-मेच्या दुपारनंतरच येतात. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला महापुरातून माणसे काढणारी होडी उलटली, तिथे कारण वेगळे होते. पेलवेल त्याहून जास्त माणसे चढली होती. दोन्ही ठिकाणी धडा मात्र एकाच मापाशी येतो. भरलेल्या होडीचा काठ पाण्यापासून किती उंच आहे? जलाशयावर जाणाऱ्या होडीसाठी तो निदान दीड वीत असावा. लाकूड वाचवायला हे माप कमी करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मग टोपली सोडून कोणता आकार घ्यावा? या प्रदेशातल्या मोठ्या पाण्यासाठी योग्य उत्तर सपाट बुडाची, बाहेर कललेल्या बाजूंची, चार ते साडेचार मीटर लांबीची होडी हेच आहे. जगभरातल्या नदीकाठच्या मच्छीमारांनी याच आकाराला आपापल्या परीने घडवले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७० च्या दशकात छोट्या मासेमारी होड्यांचे आराखडे छापायला घेतले, तेव्हा मालिकेची सुरुवात सपाट बुडाच्या होड्यांनीच केली होती. त्या बांधायला सोप्या, कमी साधनांत होणाऱ्या आणि गावच्या सुताराच्या हाताला येणाऱ्या.

तरी सपाट बूड म्हणजे नुसती पेटी नव्हे. त्यात तीन गोष्टी जमवाव्या लागतात, आणि तिथेच बहुतेक गावठी होड्या कमी पडतात.

पहिली रुंदी. पाण्याच्या रेषेवर होडी जितकी रुंद, तितकी ती झुकायला नाखूष, आणि हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो. लांबी तीच ठेवून रुंदी एक मीटरवरून सव्वा मीटर केली, तर होडीला सरळ करणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. जाळे ओढणारा माणूस उभा राहून एका बाजूला वाकतो. त्याचे सगळे वजन काठाजवळ येते, वर पाण्याने जड झालेल्या जाळ्याचा ओढा असतो. त्या क्षणी वीतभर जादा रुंदी जे काम करते, ते खाली बांधलेला कणा करत नाही. या आकाराच्या वल्ह्याच्या होडीत कणा तोलासाठी फारसा उपयोगी नसतो. तो दिशा धरण्यापुरता असतो.

दुसरी गोष्ट बाजूंचा कल. सपाट बुडाची होडी सुरुवातीला अगदी घट्ट वाटते, आणि तोच तिचा धोका आहे. बाजू सरळ उभ्या असतील तर ती ठराविक झुकावापर्यंत ठाम राहते आणि मग फारशी सूचना न देता उलटते. बाजू बाहेर कललेल्या असल्या तर झुकताना पाण्याला टेकणारी रुंदी वाढत जाते आणि होडी माणसाला सावरायला वेळ देते. खाली एक मीटर बूड असेल तर वरच्या काठाला सव्वा ते दीड मीटरचे अंतर हवे. गोल बुडाच्या होडीत हा गुण जात्याच असतो. ती हलते लवकर, उलटते उशिरा. पण गोल बूड पत्र्याने किंवा प्लायवूडने होत नाही, कारण सपाट तक्ता एकाच दिशेने वाकतो. म्हणून सपाट बुडाला तो गुण कललेल्या बाजूंनी मिळवून द्यायचा.

तिसरी गोष्ट बुडाचा लांबीतला बाक. होडी बाजूने पाहिली तर तिचे बूड केळ्यासारखे दोन्ही टोकांना किंचित वर वळलेले असावे. बाक जास्त झाला तर होडी जागच्या जागी फिरते आणि सरळ चालत नाही. बाक मुळीच नसला तर वळवताना दमवते आणि पुढचे टोक लाटेत घुसते. मधला मार्ग बोटा-दोन बोटांच्या फरकाने साधतो. दिशा धरण्यासाठी मागच्या तिसऱ्या हिश्शात एक छोटी उभी फळी बसवली की पुरे. बुडाखाली लांबीच्या दिशेने बाभळीच्या दोन-तीन पट्ट्या ठोकल्या तर त्या खडकावर आधी घासल्या जातात, बूड वाचते आणि होडी वाऱ्यात थोडी सरळही राहते. झिजल्या की उन्हाळ्यात बदलाव्या. हा उपाय स्वस्त आहे, आणि कातळाच्या नदीत तो नसलेली होडी बांधूच नये.

वेगाबद्दल विचारणारे तरुण पुष्कळ भेटतात. चार मीटर लांबीची, पाणी सारत जाणारी होडी कशीही हाकली तरी ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास येऊन अडते. त्यापुढे जोर लावला की ती आपणच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. वल्हवणारा माणूस तासन्तास चार-पाच किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकतो. म्हणजे वल्ह्याच्या होडीला ती मर्यादा कधी भेटतच नाही, आणि धारदार बुडाचा जो फायदा इंजिनाच्या वेगात मिळतो तो तिला मिळत नाही. ज्याला खरोखर इंजिन लावून सोन्नच्या बंधाऱ्यामागे लांब फेऱ्या मारायच्या आहेत, त्याने पुढच्या अर्ध्यात थोडी धार आणि मागे सपाट बूड असा मिश्र आकार घ्यावा. बाकीच्यांनी तो मोह टाळलेला बरा.

सामान आकाराला वाकवते, हेही इथेच सांगायला हवे. आंब्याची फळी स्वस्त, पण लवकर कुजते. साग टिकतो, पण परवडत नाही. पत्र्याची होडी वेल्डिंगच्या कुठल्याही दुकानात होते, मात्र पाणी भरले की दगडासारखी तळाला जाते. तिच्या बाकांखाली बंदिस्त पेट्या किंवा थर्माकोल हवेच. प्रत्येक लिटर बंदिस्त हवा साधारण एक किलो भार पेलते, या हिशेबाने लहान पत्र्याच्या होडीला दोनशे लिटर जागा राखून ठेवावी. फायबर हलके आणि टिकाऊ असते, पण कातळाने वरचा थर खरवडला की आतले काचतंतू पाणी पितात, तेव्हा दर उन्हाळ्यात तळ उलटा करून पाहणे आले. प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट येतो आणि होडीची मापे बहुतेक त्यावरच ठरतात. तक्ते कापून, तारेने टाके घालून, वर फायबरची पट्टी चिकटवण्याची पद्धत १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाली. फळ्या शिवून नाव करण्याचे शास्त्र मात्र भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फार जुने आहे. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाज काथ्याने शिवलेलेच आहे. गावातल्या सुताराने टाक्याची पद्धत शिकून घेतली तर त्याला वाकवलेल्या फासळ्यांची फार गरज उरत नाही.

भीमेच्या पात्रात आणि जलाशयात दोन्हीकडे मासे धरणाऱ्या कुटुंबाने एकच होडी सगळीकडे वापरण्याचा हट्ट सोडावा. डोहासाठी हरिगोल राहू द्यावा, मोठ्या पाण्यासाठी सपाट बुडाची होडी चार घरांनी मिळून बांधावी. दोन्ही कामे करणारी मधली होडी बांधायला गेले की ती डोक्यावर उचलता येत नाही आणि वळवाच्या वाऱ्यातही टिकत नाही.

होडी तयार झाली की जाळे चढवण्याआधी ती काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात न्यावी. वाळूची पोती वजन करून ठेवावीत, जाळ्याचे आणि चांगल्या दिवसाच्या मासळीचे वजन होईपर्यंत. मग एकाने मध्ये बसावे आणि दुसऱ्याने जाळे ओढतो तसे काठाशी उभे राहावे. झुकलेल्या बाजूचा काठ पाण्यापासून १५ सेंटीमीटर तरी वर राहिला पाहिजे. राहिला नाही तर पोती कमी करत जावे, आणि राहील तिथे, होडी सरळ असताना, पाण्याच्या पातळीवर दोन्ही बाजूंना रंगाने रेघ ओढावी. ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉलच्या आग्रहाने १८७६ च्या कायद्यानुसार मालवाहू जहाजांवर अशी रेघ आली. वीतभर पाण्यात तरंगणाऱ्या होडीला ती ओढायला एक ब्रश आणि अर्धा दिवस पुरतो. शेवटी पोती काढून होडी मुद्दाम पाण्याने भरावी आणि दोघांनी काठाला धरून पाहावे. तरीही ती तरंगत राहिली तर तिला जलाशयावर न्यायला हरकत नाही. नाही राहिली तर बाकांखालच्या पेट्या वाढवाव्यात आणि परीक्षा पुन्हा घ्यावी.